‘पोचला की फोन करजो’ कॅनव्हासवर



‘पोचला की फोन करजो.’ बेला, जैनद, तांसी या आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या भागात घरातून कुणी हैदराबादला नाहीतर नागपूरला निघालं, की उंबऱ्यातून हे वाक्य ऐकू येतंच. आज आपण हेच वाक्य कॅनव्हासवर लिहायला घेऊ. आईनं दूर राहणाऱ्या लेकाला द्यावी, किंवा लेकानं आईचे शब्द आईलाच लिहून द्यावेत, अशी ही भेट. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर मापं टिपून घ्या.

आधी मजकुराबद्दल बोलतो, कारण निम्मं काम मजकूर निवडतानाच होतं. छापील सुविचारांच्या पाट्या दुकानात हव्या तितक्या मिळतात. आपण हातानं लिहिणार, तर जे त्या माणसाचं स्वतःचं बोलणं आहे तेच लिहावं. आजोबांची जेवायला बसतानाची हाक असेल, धाकटीचं घरातलं लाडकं नाव असेल, आजीनं सांगितलेली भाजीची कृती असेल. आणि ते सुधारायला जाऊ नका. ‘करजो’चं ‘कर’ केलंत, ‘पोचला’चं ‘पोहोचलास’ केलंत, तर व्याकरण खूश होईल, पण भिंतीवर आईचा आवाज उरणार नाही. माझं यावर ठाम मत आहे.

मजकूर छोटा ठेवा, असंही मी आग्रहानं सांगतो. त्याला कारण आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बाकीचे आपण इकडे, आजच्या तेलंगणात राहिलो. घरात मराठी आणि शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी, अशी कित्येक मुलं इथं वाढली. त्यांना मराठी कानानं पक्की कळते, वाचताना मात्र अडखळायला होतं. चार शब्द आणि मोठी अक्षरं असली की ती न थांबता वाचतात. सूनबाई तेलुगू घरातली असेल तर तेच वाक्य खाली तेलुगू लिपीत जरूर लिहा. तेलुगूला आपल्यासारखी शिरोरेषा नाही आणि जोडाक्षराचा दुसरा भाग बराच खाली उतरतो, तेव्हा त्या ओळीच्या खाली जागा जास्त सोडावी लागते. गोंडी बोलणाऱ्या घरासाठी तर आपल्याच जिल्ह्यातली लिपी आहे. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी त्या लिपीतली जुनी हस्तलिखितं मिळाली आणि 2018 साली ती लिपी युनिकोडमध्ये आली. रंग लावण्याआधी लिपी जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून अक्षरं तेवढी तपासून घ्या.

आता कॅनव्हास. बारा इंच रुंद आणि सोळा इंच उंच, चौकटीवर ताणलेला तयार कॅनव्हास घ्या. आपला जिल्हा कापसाचा, घरी कापड असेल तर मग विकतचा कशाला? जाड मांजरपाट धुऊन त्याची खळ काढा, वाळवा, लाकडी चौकटीवर ताणून मागून ठोका आणि पांढऱ्या ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला, तर दुसऱ्या हातानंतर ब्रश अडकत नाही.

कॅनव्हास उभा धरा. आपलं वाक्य तीन ओळींत पडतं: ‘पोचला’, ‘की फोन’, ‘करजो’. प्रत्येक ओळीत तीनच अक्षरं. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली अक्षरं वरच्या रेषेला टांगलेली असतात. म्हणून आधी आखायची ती शिरोरेषा. वरच्या कडेपासून अडीच इंचांवर पहिली, पावणेसात इंचांवर दुसरी आणि अकरा इंचांवर तिसरी. अक्षराची उंची शिरोरेषेपासून खाली अडीच इंच. रेषेच्या वर एक इंच मात्रा आणि वेलांटीसाठी. या वाक्यात ‘पो’, ‘की’, ‘फो’, ‘जो’ अशी प्रत्येक ओळीला वर काहीतरी आहे, आणि उकार एकही नाही. त्यामुळे एका ओळीचं अक्षर संपलं की मधे पाऊण इंच मोकळा पुरतो. तुमच्या मजकुरात ‘तू’ किंवा ‘गुरू’ असेल तर हे अंतर वाढवा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

सगळ्यात लांब ओळ आधी आखायची. इथं ती मधली, कारण क आणि फ दोन्ही रुंद, शिवाय दोन शब्दांमधली जागा. ती दीड-दीड इंच समास सोडून बसली, की बाकीच्या दोन तिच्या मध्यावर घ्या. ‘करजो’ आखूड भरेल, कारण र अंगानंच अरुंद. त्याला ओढून रुंद करू नका. दोन अक्षरांमधली जागा पट्टीनं मोजू नका, डोळ्यानं ठरवा. ‘की’ आणि ‘फोन’ यांची शिरोरेषा एकमेकींना जोडायची नाही. ल मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा काढा. महाराष्ट्र शासनानं 2009 साली वर्णमालेबाबत जो निर्णय काढला, त्यातही पाकळीचा ल आणि शेंडीचा श हेच मराठीचे म्हणून धरले आहेत. संगणकावरून नमुना काढलात तर बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल येतो, तिकडे लक्ष ठेवा.

वळण कुठून शिकावं, असं लोक विचारतात. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं मिळवून बघा. नाटकाचा स्वभाव त्या नावाच्या अक्षरांतच दिसतो. अच्युत पालव यांचं मोडी लिपीच्या अभ्यासातून आलेलं सुलेखनही बघा. नक्कल करायची नाही, जाड रेघ कुठं बारीक होते तेवढं पाहायचं. आईच्या वाक्याला टोकदार, नखरेल अक्षर शोभत नाही. गोलसर, भरदार, वहीतल्यासारखं सरळ अक्षर बरं.

आधी कागदावर पूर्ण मापात काढा. त्या कागदाच्या मागे मऊ पेन्सिल घासा, कॅनव्हासवर ठेवून पुढून गिरवा, नक्षा उतरतो. रंग ॲक्रिलिक, ताकाइतका पातळ. पाव इंचाहून थोडा रुंद चपटा ब्रश घ्या. आधी अक्षराचा उभा दंड, मग गोलाई, शेवटी शिरोरेषा एका दमात. रेघ मारताना करंगळी कॅनव्हासवर टेकवली की हात कापत नाही. रंग बाहेर गेला तर लगेच ओल्या फडक्यानं टिपा. वाळल्यावर लक्षात आलं तर खरवडू नका, पार्श्वभूमीच्याच रंगानं झाका.

हवेचंही सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे रंग ब्रशवरच सुकतो, तेव्हा सकाळी लवकर बसा आणि रंग थोडा थोडा काढा. डिसेंबर-जानेवारीत उलटं. पहाटेच्या कडाक्यात ॲक्रिलिकचा थर नीट धरत नाही, पुढे भेगा पडतात. त्या दिवसांत दुपारी, ऊन आलेल्या खोलीत काम करा.

मागच्या बाजूला तारीख, गाव आणि हे कुणाचं बोलणं आहे ते पेननं लिहा. वीस वर्षांनी नातवंडं विचारतील तेव्हा उत्तर तयार असेल. समोरच्या बाजूला स्वतःची सही टाळा.

कृष्णा एक्सप्रेसनं कुणाबरोबर पाठवणार असाल तर घाई करू नका. रंग वाळल्यासारखा वाटला तरी निदान आठवडाभर उघडा राहू द्या. रंगाच्या बाजूला प्लॅस्टिक लावू नका, उन्हाच्या गरमीनं ते चिकटतं आणि काढताना अक्षरं सोलून निघतात. आधी बटर पेपर, त्यावर पुठ्ठा, चारही कोपऱ्यांना जास्तीचे तुकडे, आणि मग सुतळी.