रामदास बोटीतले आजोबा



समुद्रापासून इतक्या दूर, परमेश्वर देवस्थानाच्या या वाढोणे गावात, एका बुडालेल्या बोटीची हकिकत सांगण्यास मी उभे राहावे, हे आपणांस अप्रस्तुत वाटेल. परंतु माझी उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली आणि माझ्या आजोबांचा ठाव मला दप्तरातच लागला, म्हणून एवढी सवलत मला द्यावी.

१७ जुलै १९४७. गटारी अमावास्येचा तो दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ तुफानात सापडली. भयभीत उतारू एकाच बाजूस धावले, बोट कलंडली आणि पाहता पाहता दिसेनाशी झाली. ६०० हून अधिक माणसे दगावली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी मचव्यांतली मासळी समुद्रात लोटून दिली आणि त्या जागी बुडती माणसे ओढून घेतली. हे वाचताना माझे हात आपोआप जोडले जातात.

आजोबा गिरणीत होते, सणाला गावी निघाले होते. प्रेत मिळाले नाही. फेरीच्या तिकिटावर उतारूचे नाव नसते. मग ते बोटीत होतेच, हे सिद्ध कसे करावे? वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळताना कडांचे तुकडे बोटांना चिकटून येत, पण नाव सापडेना.

अखेर आजोबांच्या गावच्या तलाठ्याने फेरफाराची जीर्ण वही काढून दिली. सात वर्षे ज्याची कसलीही खबर नाही, तो मयत धरावा, असे कायदा म्हणतो. आणि आजीने तेवढी सात वर्षे कपाळावरचे कुंकू पुसले नव्हते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. १९५४ सालच्या त्या नोंदीत दोनच ओळी होत्या: खातेदार रामदास बोटीत बेपत्ता, वारस पत्नी. खाली जांभळ्या शाईत आजीचा अंगठा होता, आणि तो उठवताना तिचा हात हलला असावा, कारण त्याच्या रेषा एका कडेला पुसट पसरल्या होत्या.