खाऱ्या तळ्यात मिश्र पालन



खाडीकाठी ज्यांची खाजण जमीन आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. अशा जमिनीत तळं केलं की पहिला विचार येतो कोळंबीचा. कोळंबीला भाव चांगला, यात खोटं नाही. पण १९९४-९५ साली आपल्या देशाच्या किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी रिकामी झाली. तो विषाणू अजून गेलेला नाही. रोग एकदा तळ्यात शिरला की त्यावर औषध नाही. म्हणून सगळं भांडवल एकट्या कोळंबीवर लावू नये. भाताच्या बांधावर आपण तूर लावतो, तसाच हा विचार आहे. कोळंबी बसली तरी मासे हाती राहतात.

एका तळ्यात कोणी नांदायचं, हे ज्याच्या त्याच्या खाण्यावरून ठरवा. बोय तळाचा कुजका गाळ आणि शेवाळ खातो. काळुंदर हिरवं शेवाळ खाते. कोळंबी तळाशी फिरून खाद्याचे कण वेचते. तिघांची ताटं बरीचशी वेगळी, त्यामुळे भांडण कमी. शिवाय कोळंबीचं उरलेलं खाद्य आणि वाढलेलं शेवाळ मासे खातात, म्हणून पाणीही लवकर बिघडत नाही.

जिताडा मात्र या पंगतीत बसवू नका. तो शिकारी मासा आहे. कोळंबी खाईल, लहान मासे खाईल, आपल्याच जातीची लहान पिल्लंही खाईल. त्याला तळं वेगळं हवं, आणि त्यातही सारख्या आकाराची पिल्लं एकत्र ठेवावीत. चिंबोरीही बाजूला ठेवा. ती बांध पोखरते, आणि तो कोळंबीचा विषाणू स्वतः न मरता अंगावर वागवते.

आता तळ्याची तयारी. तळं उपसून भेगा पडेपर्यंत वाळवा. माती तपासून घ्या. आंबट असेल तर चुना द्या. पाणी पूर्ण निघत नसेल तर मोहाची पेंड भिजवून टाका, म्हणजे आतले नको असलेले मासे मरतात. वीतभर पाणी उरलं असेल तर गुंठ्याला साधारण ५ किलो पेंड पुरते. त्यानंतर निदान तीन आठवडे पिल्लं सोडू नका. उघाडीला बारीक जाळी लावा आणि कमरेइतकं पाणी ठेवा.

यंत्राने हवा देण्याची सोय नसेल तर सुरुवातीला गुंठ्याला कोळंबीची २०० पिल्लं आणि दोन्ही मासे मिळून ३० ते ४० एवढंच ठेवा. जास्त सोडली म्हणजे जास्त मिळतात, असं नाही. कोळंबीचं बी रोगाची तपासणी झालेलंच घ्या. बोयची पिल्लं खाडीतून धरलीत तर निवडून घ्या, त्यांत जिताड्याचं पिल्लू असू शकतं. पिशवी तळ्यात तरंगत ठेवून तळ्याचं पाणी हळूहळू आत घाला, मग पिल्लं सोडा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर खाद्य बंद करा आणि भरतीचं ताजं पाणी घ्या.

कालवं आणि शिणाणे यांचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. त्यांना खाद्य घालावं लागत नाही. वाहत्या पाण्यातले बारीक जीव ती गाळून खातात. म्हणून त्यांची जागा तळ्यात नाही, खाडीत तराफ्याला बांधलेल्या दोरीवर आहे. पावसाळा संपून पाणी पुन्हा खारट झालं की शिणाण्याचं बी दोरीला बांधा आणि पावसाआधी काढा. गोडं पाणी आलं की ते मरतात. गावाचं सांडपाणी येतं तिथे हे पालन करू नका. पाणी गाळताना घाणही त्यांच्या पोटात जाते आणि खाणाऱ्याला बाधते.

शेवटची गोष्ट कायद्याची. कांदळवन तोडून तळं करू नका. त्याला बंदी आहे, आणि कांदळवनाच्या मुळांतच पुष्कळ कोळंबी-माशांची पिल्लं वाढतात. किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीला २००५ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. तळं खणण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन चौकशी करा.

पहिल्या वर्षी एकच लहान तळं घ्या. पिल्लं, खाद्य, मजुरी आणि विक्री यांचा हिशेब वहीत लिहा. आकडे जमले तरच पुढच्या वर्षी वाढवा.