चाकामागची चकती



ज्या भिवापुरी मिरचीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, तिची पोती वजनाने हलकी, पण रास मोठी. पिकअपवर ती उंच रचली, की वळणावर गाडी डोलते. त्यावर उपाय म्हणून काही मालक हब व चाक यांच्यामध्ये धातूची चकती, म्हणजे ‘स्पेसर’, बसवून घेतात. चाके बाहेर सरकल्याने थोडा आधार वाढतो हे खरे. परंतु भाराची उंची तसूभरही घटत नाही, आणि बेअरिंगवरील ताण मात्र वाढतो. नुसती चकती घातल्यास मूळ बोल्टावर नटाला धरावयास आटे कमी उरतात. मग धक्क्यांनी नट सैल होतात, बोल्ट तुटतात व चाक निखळू शकते. स्वतंत्र बोल्टांची, हबवर चपखल बसणारी चकती त्या मानाने बरी. तथापि भारवाहू गाडीस तीही मी सुचविणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधने घालते, हेही ध्यानात असावे.

त्यापेक्षा पोत्यांचा एक थर कमी करावा. ज्यांनी चकत्या बसविल्याच आहेत, त्यांनी उमरेडच्या वाटेला लागण्यापूर्वी प्रत्येक नट पान्याने तपासावा, आणि शक्य तितक्या लवकर त्या काढून टाकाव्यात.