कात्रणातले नाव



लढाईवर गेलेल्या माणसाची आठवण घरात वस्तूंच्या रूपाने राहते. कुणाचे पदक, कुणाचे घड्याळ, कुणाचे पत्र. आमच्या माधवनगरकडच्या एखाद्या घरात गणवेशातली तसबीर दिसली, की आपली नजर आधी हाराकडे जाते. हार असला तर आपण आवाज खाली घेतो, नसला तर विचारतो, "सध्या पोस्टिंग कुठं?" पण हार घालायचा की नाही, हेच ज्यांना ठरवता येत नाही, त्यांनी काय करावं?

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्या घरापुढे हा प्रश्न १९७१ च्या डिसेंबरात उभा राहिला. पश्चिम आघाडीवर सुखोई-७ विमान घेऊन गेलेला हा तरुण वैमानिक परतला नाही. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला.

या घराच्या वाट्याला जे आले, ते वर्तमानपत्राचे एक कात्रण. 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर', ५ डिसेंबर १९७१. भारताचे पाच वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी, आणि तीत एक नाव : फ्लाइट लेफ्टनंट 'टॉम्बे'. परक्या कानाने 'तांबे' ऐकले, तर कागदावर असेच उतरायचे, नाही का?

पुढे सिमला करार झाला. भारताने नव्वद हजारांवर युद्धकैदी परत केले. आपलेही कैदी आले. तांबे आले नाहीत. बेपत्ता ५४ जणांच्या यादीत त्यांचे नाव राहिले. आमच्याकडे कुणी नाही, असे पाकिस्तान सांगत आले. २००७ साली १४ नातेवाईक तिकडचे तुरुंग पाहून आले, तेही रिकाम्या हातांनी. दमयंतीबाईंनी दुसरा संसार मांडला नाही.

सात वर्षे ज्याची खबर नाही, त्याला मृत मानावे, असे कायदा म्हणतो. इथे तर खबरच होती, छापील खबर! मग दिवस कुठून मोजायचे?

युद्धकैद्याचे नाव त्याच्या घरी कळवले पाहिजे, असे १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो. हा नियम कागदी शिष्टाचार वाटतो खरा. पण तो पाळला गेला नाही, की एखाद्या बाईला अख्खे आयुष्य एका चुकलेल्या अक्षराच्या आधारावर काढावे लागते. मरणाचे दुःख माणूस सोसतो, श्रोतेहो. त्याला निदान तिथी तरी असते.