डॉलीची गाडी



‘ॲना कॅरेनिना’वर बोलताना वक्ते बहुधा रेल्वेच्या रुळांवर जाऊन थांबतात. मला आज त्या कादंबरीतल्या आमंत्रणांविषयी बोलायचे आहे.

टॉलस्टॉयची ही कादंबरी १८७५ ते १८७७ या काळात मासिकातून क्रमशः आली. सुरुवातीलाच ॲनाचा भाऊ स्टिव्हा मुलांच्या फ्रेंच शिक्षिकेबरोबर सापडतो. बायको डॉली रुसते, ॲना येऊन समजूत घालते, आणि स्टिव्हाची नोकरी, मित्र, जेवणावळी सगळे पूर्ववत चालू राहते. तेच ॲना करते तेव्हा दारे बंद होऊ लागतात. फरक एवढाच की ती ते लपवीत नाही. जिच्या बैठकीत ॲना आणि व्ह्रॉन्स्की भेटत, ती बेट्सीही पुढे तिला टाळते. त्या बाईंचे स्वतःचे प्रकरण साऱ्या शहराला ठाऊक होते, हे विशेष! नाटकगृहात शेजारच्या बॉक्समधली बाई ॲनाचा अपमान करून उठून जाते. तिथे ना न्यायाधीश आहे, ना पोलीस.

कायद्याचा जाच होताच. त्या रशियात घटस्फोटासाठी व्यभिचार सिद्ध करावा लागे, दोषी ठरलेल्याला पुन्हा लग्न करता येत नसे, आणि मुलगा बापाकडे. सेर्योझाच्या वाढदिवशी ती चोरून त्याला भेटते आणि हौसेने घेतलेली खेळणी द्यायची विसरून परत आणते. तो प्रसंग मला आजही सलग वाचवत नाही.

पण कायदा बदलला असता तर? याचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. ३ नोव्हेंबर १९१० चा पोर्तुगीज घटस्फोट कायदा गोव्यात आला. त्यात बायकोचा व्यभिचार आणि नवऱ्याचा व्यभिचार ही दोन्ही कारणे बरोबरीने लिहिलेली आहेत. उरलेल्या देशातल्या हिंदूंसाठी जवळपास सर्वत्र लागू होणारा विवाह कायदा १९५५ साली आला. म्हणजे कचेरीचे दार आपल्याकडे पंचेचाळीस वर्षे आधी उघडले. हळदीकुंकवाचे दार मात्र कुठल्याही कायद्याने उघडत नव्हते.

आणि म्हणून मला कादंबरीतला सर्वांत मोठा प्रसंग डॉलीच्या भेटीचा वाटतो. ठिगळे लावलेली बंडी घातलेली ही लेकुरवाळी बाई लोकांची पर्वा न करता गाडीतून ॲनाला भेटायला जाते. वाटेत तिला ॲनाचा हेवाही वाटतो. तिथला थाट पाहून मात्र ती अवघडते, आणि दुसऱ्याच दिवशी मुलांच्या ओढीने परत फिरते. टॉलस्टॉय तिला थोर करीत नाही. ती गेली, एवढेच.

मुक्तीनंतरची पहिलीच काही वर्षे. माझ्या आईची एक मावसबहीण नवऱ्याचे घर सोडून दुसऱ्या एका गृहस्थांकडे राहायला गेली होती. आमच्या घरात तिचे नाव निघाले की मोठी माणसे विषय बदलत. आपल्या केळबाईचे आणि शिरगावच्या लईराईचे बहीणपण आपण केवढ्या भक्तीने सांगतो! त्या मावशीला मात्र चैत्रातल्या हळदीकुंकवाला कोणी बोलावीत नसे.

एका दुपारी आई मला घेऊन तिच्याकडे गेली. घरी सांगितले डिचोलीच्या बाजाराला जातो म्हणून. मावशी सोप्यावर बसली होती. आम्हाला पाहून ती उठली, पण पुढे आली नाही. आईच पायऱ्या चढून वर गेली. दोघी काय बोलल्या ते मला आठवत नाही. फार बोलल्या नसाव्यात. निघताना मावशीने कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला आणि थांबली. आईने स्वतःच कपाळ पुढे केले.

मावशीने माझ्या हातावर फणसपोळी ठेवली होती. घर दिसू लागले तशी आई म्हणाली, “बाबू, ती इथेच खाऊन संपव.”

नंतर आई तिच्याकडे पुन्हा गेली नाही.