ट्रॅक्टर आणि जीपगाडीचा फ्यूज : तपासणी व बदल
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



उसाची वाहतूक किंवा रब्बीची पेरणी रात्री चालू असताना ट्रॅक्टरचे दिवे अचानक बंद पडतात. अशा वेळी आपण विहिरीवरच्या कटआऊटमध्ये तार बांधतो, तशीच गाडीच्या फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालतो. दिवे लागतात, पण धोका तिथूनच सुरू होतो.

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर पट्टी. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहिला की ती वितळते आणि वायर वाचते. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ ॲम्पिअर प्रवाह घेतात. ते एकाच फ्यूजवर असतील आणि तिथे १५ ॲम्पिअरचा फ्यूज दिलेला असेल, तर वायरही त्याच बेताची असते. तिथे ३० चा फ्यूज किंवा तार घातली, तर बिघाडाच्या वेळी फ्यूजऐवजी वायर तापते, आवरण जळते. शेजारी डिझेल आणि ट्रॉलीत वाळले पाचट किंवा कडबा असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

तपासणी अशी करावी. एकच दिवा गेला असेल तर आधी बल्ब पाहावा. एका फ्यूजवरची सर्व उपकरणे एकदम बंद पडली असतील तर फ्यूज पाहावा. फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत कोणता फ्यूज कशाचा ते दिलेले असते. किल्ली बंद करून फ्यूज चिमट्याने सरळ ओढावा. आतील पट्टी तुटलेली किंवा काळवंडलेली दिसली तर तो उडाला असे समजावे. शंका असल्यास १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडाव्यात. फ्यूज जागेवर ठेवून स्विच चालू करावा. एक वायर गाडीच्या उघड्या लोखंडाला व दुसरी फ्यूजच्या माथ्यावरील दोन्ही टोकांना आळीपाळीने लावावी. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर उडालेला.

नवा फ्यूज तेवढ्याच ॲम्पिअरचा घ्यावा. नेहमीच्या चपट्या फ्यूजचे रंग असे : १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. रंगाबरोबर आकडाही वाचावा.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नये. कोठेतरी वायर सोलून लोखंडाला टेकली आहे असे समजावे. ट्रॉलीचा प्लग काढून फ्यूज टिकतो का पाहावे. टिकला तर दोष बहुधा ट्रॉलीच्या वायरीत किंवा पाणी शिरलेल्या प्लगमध्ये असतो. न टिकल्यास बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून गाडीची वायरिंग पाहावी. गोठ्याजवळ उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही तपासावे.

प्रत्येक आकड्याचे दोन फ्यूज, चिमटा व चाचणीचा बल्ब टूलबॉक्समध्ये ठेवावा. मागचे दिवे बंद असलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर आणू नये. मागून येणाऱ्याला ती दिसत नाही.