रजेचे फोटो आणि ते ठेवण्याची जागा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय येत आले आहेत. कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस आणि महागाई भत्त्यावर बोलणार, अशीही आपली तयारी असेल. परंतु चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा: सुट्टीतल्या फोटोंसाठी कॅमेरा कोणता घ्यावा आणि मेमरी कार्ड कोणते घ्यावे. आम्ही तो आनंदाने घेतला. आमचे शिक्षण यंत्रापाशी उभे राहून झाले, तेव्हा यंत्राविषयी बोलायला आम्हांला संकोच नाही. शिवाय आमच्या मते हा विषय मुळात रजेचा आहे.

भरपगारी रजा आकाशातून पडलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने असे ठरवले की, वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळावी. केंद्र सरकारच्या नोकरांना रजा प्रवास सवलत मिळू लागली ती १९५६ साली. आमच्या या अंबरनाथेत आयुध निर्माणीतल्या कितीतरी कुटुंबांनी त्या सवलतीवर पहिल्यांदा कन्याकुमारी पाहिली, काश्मीर पाहिले. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोराला मात्र चार दिवस गणपतीपुळ्याला जायचे तर चार दिवसांची रोजी सोडावी लागते. त्या चार दिवसांचा फोटो हा त्याच्या घरातला मोठा दस्तऐवज असतो. तो नीट निघावा आणि नीट राहावा, यात आम्हांला रस आहे.

नीट राहावा, हा शब्द मुद्दाम वापरला. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी बदलापुरात शिरली, इकडे वालधुनीच्या काठची घरे पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर आम्ही कार्यकर्ते मदतीसाठी घरोघर हिंडलो. धान्य गेले, गाद्या गेल्या, त्याचा हिशेब लोक धीराने सांगत. पण फुगलेला आल्बम उचलताना बायामाणसांचा धीर सुटायचा. फोटो प्लॅस्टिकच्या पानांना चिकटलेले. सोडवायला जावे तर चेहराच पानाबरोबर निघून यायचा. पुढे २०१९ च्या जुलैत पुन्हा पूर आला, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हाही आम्ही त्याच गल्ल्यांतून फिरलो. या खेपेला आल्बम कमी होते. चिखलात होते ते संगणकाचे डबे आणि मोबाइल. सामान बदलले होते. एकाच घरात, एकाच जागी सगळे ठेवण्याची रीत तीच होती.

म्हणून आम्ही हा विषय उलट्या टोकाने सांगतो. लोक आधी कॅमेरा घेतात, मग उरलेल्या पैशांत स्वस्त कार्ड घेतात, आणि फोटो कोठे ठेवायचे याचा विचार कधीच करीत नाहीत. आमचे म्हणणे असे की, पहिला पैसा फोटो साठवण्यावर घाला, दुसरा कार्डावर आणि उरला तर कॅमेऱ्यावर. बाजार तुम्हांला हे सांगणार नाही, कारण त्याला कॅमेरा खपवायचा आहे.

आता कॅमेरा. पहिला प्रश्न तो हवाच का? आज बहुतेकांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहेच. मोबाइल आले आणि कॅमेऱ्यांचा धंदा बसला. २०१० साली जगात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. हल्ली तो आकडा कोटीच्याही आत आला आहे. समुद्रकिनारी उभे राहून घरच्या मंडळींचा फोटो काढायचा, पाठवायचा, एवढेच करायचे असेल तर मोबाइल पुरे आणि आपली सभा येथेच संपली. कॅमेरा लागतो तो तीन कारणांनी. लांबचे जवळ आणायचे असते, अंधुक उजेडात काढायचे असते, किंवा उन्हात पडद्यावर काही दिसत नाही म्हणून डोळ्याला लावून पाहायला खिडकी हवी असते. चाळिशी लागलेल्यांना हे तिसरे कारण लवकर पटेल.

दुकानदार मात्र आधी मेगापिक्सेल सांगतो. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. सहा इंच बाय चार इंचांचा नेहमीचा फोटो उत्तम छापायला अठराशे गुणिले बाराशे, म्हणजे सुमारे बावीस लाख ठिपके लागतात. मोठ्या ए-फोर कागदाला सत्त्याऐंशी लाख. याहून अधिक ठिपके भिंतीएवढे चित्र करणाऱ्याला हवेत. हल्ली स्वस्तातले, खेळण्यासारखे कॅमेरे ‘४८ मेगापिक्सेल’ असे छातीवर लिहून विकले जातात. त्यांतल्या पुष्कळांच्या आत ठिपके थोडे असतात आणि उरलेले यंत्र अंदाजपंचे भरून काढते.

खरे पाहायचे ते उजेड झेलणारा पत्रा किती मोठा आहे हे. त्याला सेन्सर म्हणतात. पावसात अंगणात वाटी ठेवा आणि परात ठेवा. पाऊस तोच, पण परातीत पाणी जास्त. लहान कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार उंच. त्यावरची पायरी ‘एक इंची’ म्हणून विकतात, तो तेरा बाय नऊच्या आसपास. (त्यात इंच कोठेच नाही. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांच्या नळीच्या मापावरून ते नाव चिकटले आहे.) भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ काढले तर या तिसऱ्यात पहिल्याच्या सुमारे तेरापट उजेड मावतो. आणि झूम विचाराल तर भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल झूम तेवढा मोजा. डिजिटल झूम म्हणजे फोटोच्या कडा कापून मधला तुकडा ताणणे. ते घरीही करता येते.

परीक्षेसाठी दूर जायला नको. ज्याच्याकडे तसला कॅमेरा आहे अशा मित्राकडून तो मागून घ्या आणि एक सकाळ आपल्या शिवमंदिरात घालवा. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे हे देऊळ. बाहेर काळ्या दगडावर कडक ऊन, कोरीव कामाच्या खोबणीत गडद सावली, आणि दोन पावलांवर मंडपात खांबांचा काळोख. पुरातत्त्व खात्याच्या पाटीवरचे नियम पाळून, फ्लॅश न वापरता, बाहेरच्या एका मूर्तीचा आणि मंडपातल्या एका खांबाचा फोटो काढा. उन्हातली मूर्ती पांढरी पडली नाही आणि खांबावरची नक्षी वाळू उधळल्यासारखी दाणेदार झाली नाही, तर तो कॅमेरा तुमच्या प्रवासाला पुरेल.

जुना, वापरलेला कॅमेरा घ्यायलाही आमची हरकत नाही. फक्त भिंगातून उजेडाकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ते भिंग घेऊ नका. आपल्याकडचा पावसाळा भिंगांना फार वाईट. चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवलेला कॅमेरा ओल धरतो. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी व्यवस्था पुरते.

आता कार्डाकडे येऊ. येथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात ठिपके दहा हजार, आणि एक फोटो टेपच्या कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. ती कॅसेट म्हणजे मेमरी कार्डाची आजी. आजचे कार्ड टपाल तिकिटाएवढे. त्यातल्या फ्लॅश मेमरीची मूळ कल्पना तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली. विजेचा भार चिमुकल्या कप्प्यांत कोंडून ठेवायचा, एवढेच त्याचे तत्त्व.

किती मोठे घ्यावे? वीस मेगापिक्सेलचा एक फोटो सहा ते आठ मेगाबाइटचा धरा. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर चार हजार बसतात. म्हणजे छत्तीस फोटोंचे जुने रोळ शंभराहून अधिक. आठ दिवसांच्या प्रवासाला कोण चार हजार फोटो काढतो? चलच्चित्राची गोष्ट निराळी. चांगल्या प्रतीचे चित्रण तेच कार्ड पाऊण तासाच्या आत भरते. ज्यांना चित्रणाचा नाद आहे त्यांनी मोठे घ्यावे. इतरांनी १२८ चे एक घेण्याऐवजी ३२ ची दोन घ्यावीत, एक कॅमेऱ्यात आणि एक घरच्या कारभारणीच्या पर्समध्ये. एक हरवले तर अर्धा प्रवास तरी घरी येतो. आणखी एक: जुन्या कॅमेऱ्यांना ३२ च्या वरची कार्डे चालतीलच असे नाही, तेव्हा माहितीपुस्तिका पाहा.

वेगाचे आकडे वाचायला शिका. पाकिटावर मोठ्या अक्षरांत १५०, १७० असे छापलेले असते. तो कार्डावरून वाचण्याचा वेग, तोही सगळे अनुकूल असताना. वर्तुळातला १०, किंवा व्ही-३० असे बारीक अक्षर दिसते, तो लिहिण्याचा किमान वेग: सेकंदाला दहा किंवा तीस मेगाबाइट. मोठा आकडा म्हणजे नेमणूकपत्रावरचा पगार आणि बारीक आकडा म्हणजे हातात पडणारा. नुसत्या फोटोंना दहा पुरे, चित्रणाला तीस घ्या.

आणि आता नकली कार्डे. ठेकेदारांचे बोगस मस्टर आम्ही उभ्या जन्मात पुष्कळ पाहिले. मस्टरवर चाळीस माणसे, कामावर दहा. नकली कार्ड म्हणजे नेमके हेच. आत आठ गिगाबाइटची जागा असते, पण कार्डातल्या कारभारी चिपला शिकवलेले असते की, विचारले तर १२८ सांग. कॅमेरा विचारतो, ते १२८ सांगते. पहिले आठ भरेपर्यंत सगळे सुरळीत. नंतरचे फोटो एक तर हवेत लिहिले जातात किंवा आधीच्यांच्या डोक्यावर लिहिले जातात. फोटोंची नावे यादीत दिसतात, उघडायला जावे तर आत काही नाही. आणि हे कळते कधी, तर रजा संपून घरी आल्यावर.

यावरून आपल्या शेजाऱ्यांची थट्टा करू नका. ‘यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. १९४९ साली कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले, आणि घरदार गमावून आलेल्या माणसांनी तेथे शून्यातून बाजार उभा केला. नकली कार्ड आज मोबाइलवरून कोठूनही घरपोच येते, त्याला कॅम्पाचा पत्ता लागत नाही. उपाय दोन. पक्की पावती घ्या, तीवर कंपनी, क्षमता आणि दुकानाचे नाव असू द्या. आणि प्रवासाला निघण्यापूर्वी कार्ड पूर्ण भरून तपासा. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम हेच करतो: कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेले परत वाचून पाहतो. शाळेत जाणारा मुलगा तुम्हांला लावून देईल. खोटे निघाले आणि दुकानदाराने हात वर केले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी.

चुकून फोटो पुसला गेला तर काय? पुसणे म्हणजे मस्टरवरून नाव खोडणे. माणूस अजून शेडमध्ये उभा असतो. त्याच्या जागी नवा उभा केला की मग तो गेला. म्हणून चूक होताच ते कार्ड काढा, बाजूला ठेवा, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. परत मिळवणारे प्रोग्रॅम आहेत आणि ते बहुधा यश देतात. कार्डाच्या कडेला बारीक खटका असतो, तो खाली ओढला की कार्ड लिहायला बंद होते; परतीच्या गाडीत बसल्यावर तो ओढावा.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात फोटो उतरवून घ्या. कार्ड ही कायमची तिजोरी नव्हे. कप्प्यांत कोंडलेला भार वर्षानुवर्षे पडून राहिला तर झिरपून जाऊ शकतो. एक प्रत आपल्या घरी हार्ड डिस्कवर, दुसरी प्रत दुसऱ्या घरी. दुसरे घर म्हणजे वरच्या मजल्यावरचे नव्हे; गावाकडचे, बहिणीकडचे, नदीपासून लांबचे. इंटरनेटवरही ठेवा, पण फुकट जागेच्या अटी बदलतात हे ध्यानात असू द्या. दोन प्रती झाल्याखेरीज कार्ड कोरे करायचे नाही, आणि करायचे ते कॅमेऱ्यातच करायचे. मग त्यांतले वीस-पंचवीस निवडून कागदावर छापून घ्या. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेची मंडळी आपल्या शिवमंदिराचे नकाशे, साचे आणि छायाचित्रे घ्यायला आली होती. ती चित्रे १८७४ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त छापली गेली आणि अनेक ग्रंथालयांत पोचली. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी या देवळाचा कोणता दगड कोठे होता, हे आज कळते.

शेवटचा मुद्दा पैशाचा. वर्षातून आठ दिवस वापरायच्या वस्तूसाठी हप्त्याने कर्ज काढणे आम्हांला मान्य नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदी करीत आली आहे. तोच मार्ग येथे चालेल. वीस कुटुंबांनी, एखाद्या सोसायटीने किंवा पतसंस्थेच्या सभासदांनी मिळून एक चांगला कॅमेरा घ्यावा. एक वही ठेवावी. कोणाची रजा कधी, कोणी नेला, कोणी आणला, परत येताना भिंग आणि बॅटरी पाहिली का. अनामत रक्कम ठरवावी, दिवाळी आणि मे महिन्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात, नाहीतर भांडणे होतील. कॅमेरा सामाईक, पण कार्ड ज्याचे त्याचे. एकाच्या घरचे फोटो दुसऱ्याच्या घरी जाऊ नयेत, याची काळजी घेतलीच पाहिजे, विशेषतः जेथे लेकीबाळींचे फोटो आहेत तेथे.

ज्यांना अशी वही सुरू करायची असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी थांबावे. नियमांचा कच्चा मसुदा आम्ही लिहून आणला आहे. त्यातले अनामतीचे कलम आमच्यातच अजून वादाचे आहे, त्यावर आपले मत हवे आहे.